साताऱ्याहून पहिल्यांदा गोल्फ खेळायला चाललाय? झाडीतल्या (पार्कलँड) कोर्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात गोल्फ खेळणारे कमी, पण आता रेंजवर (नुसता फटक्यांचा सराव करायच्या जागेवर) चार दिवस बॉल मारून आलेले, पुण्यात नोकरीला असलेल्या पोराबरोबर एकदा जाऊन बघितलेले असे बरेच जण भेटतात आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, झाडीतल्या कोर्सवर तुमचा खेळ झाडं ठरवतात, तुमच्या हातातली ताकद नाही, आणि हे ज्याला पहिल्या तीन होलमध्ये (एक होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून बॉल भोकात जाईपर्यंतचा टप्पा) पटलं त्याचा उरलेला दिवस मस्त जातो.

पार्कलँड कोर्स म्हणजे नेमकं काय?

गोल्फ सुरू झाला तो समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीवर. तिथल्या कोर्सना लिंक्स म्हणतात, स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध. तिथं झाड जवळपास नसतंच, जमीन कडक, वारा जोरात. पार्कलँड त्याच्या उलट. समुद्रापासून लांब, आतल्या भागात, फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूला मोठाली झाडं, गवत दाट आणि मऊ, मधे एखादं तळं किंवा ओढा. अमेरिकेतलं ऑगस्टा, जिथं दर एप्रिलला मास्टर्स स्पर्धा होते, ते पार्कलँड. आपल्याकडचे शहरातले बहुतेक जुने कोर्स याच जातीचे आहेत, पुण्यात येरवड्याचा पूना क्लबचा १८ होलचा कोर्स डोळ्यासमोर आणा. लवळ्याच्या टेकड्यांवरचा ऑक्सफर्डचा कोर्स वेगळा, तिथं चढउतारच एवढे आहेत की पहिल्यांदा जाणाऱ्याने तो थोडा नंतरसाठी ठेवावा असं माझं मत.

हा साहेब लोकांचा खेळ ना, आपल्याला तिथं कोण विचारणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणला साहेबांनीच, कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब तो. पण १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीला कॅडीचं (खेळणाऱ्याची बॅग उचलून मदत करायचं) काम करत करत खेळाडू झालेला माणूस होता, त्याने १९९३ ला ती परत जिंकली. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळून आला, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली तेव्हा सकाळी लवकर उठून किती घरांत टीव्ही लागले होते आठवतंय ना. तेव्हा बिनधास्त जा. नियम पाळणारा, वेळेवर येणारा आणि मैदान जपणारा माणूस असेल तर तो कुठल्या गावचा हे कोर्सवर कोणी बघत नाही.

मेंबर नसलो तरी खेळू देतात का?

क्लबवर आहे. काही ठिकाणी मेंबरबरोबर पाहुणा म्हणूनच जाता येतं, काही ठिकाणी बाहेरच्यांना पैसे भरून खेळू देतात पण शनिवार-रविवारी दर जास्त किंवा सकाळचा वेळ मेंबरसाठी राखीव. आधी फोन करा आणि एकाच फोनमध्ये सगळं विचारून घ्या, पाहुण्याचा ग्रीन फी (खेळायचा दर) किती, कॅडी घ्यावाच लागतो का, स्टिकचा सेट भाड्याने मिळतो का, हँडिकॅप (तुमचा खेळ किती तयार आहे ते सांगणारा आकडा) सर्टिफिकेट लागतं का, त्या दिवशी काही स्पर्धा आहे का. शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण स्पर्धेच्या दिवशी कोर्स बंद असतो आणि आपण सव्वाशे किलोमीटर गाडी चालवून गेटवरनं परत यायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

साताऱ्याहून किती वाजता निघायचं?

समजा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, सकाळी सातचा आहे. तिथं सव्वासहाला पोचलेलं बरं, पैसे भरायचे, कॅडी ठरवायचा, बूट घालायचे, दहा मिनिटं पटिंग (बॉल घरंगळवत भोकात घालायचा सराव) करायचं, अंग मोकळं करायचं. म्हणजे साताऱ्यातून साडेतीनच्या आसपास निघा. पहाटे खंबाटकीचा बोगदा आणि कात्रज रिकामं मिळतं, शिरवळला चहा होतो. सांगली-मिरजवाल्यांनी मात्र आदल्या रात्रीच पुण्यात मुक्काम करावा, रात्रभर गाडी चालवून सकाळी स्विंग (स्टिक फिरवणं) होत नाही, पाठ आखडलेली असते. आणि येताना दुपारच्या उन्हात अठरा होल चालून झाल्यावर लगेच घाटात गाडी घालू नका, जेवा, तासभर बसा, मग निघा.

कपडे कसले?

कॉलरवाला टीशर्ट, आत खोचलेला. साधी कॉटन पँट किंवा गुडघ्यापर्यंतची नीट हाफ पँट. जीन्स, गोल गळ्याचा टीशर्ट, ट्रॅकपँट बहुतेक ठिकाणी चालत नाही. गोल्फचे बूट नसतील तर सपाट तळव्याचे स्पोर्ट शूज चालतात. टोपी हवीच.

किती स्टिक लागतात? सगळा सेट घेऊ का?

नियमाने जास्तीत जास्त १४ ठेवता येतात, नव्या माणसाला त्याच्या निम्म्याही पुरतात. एक हायब्रिड किंवा ५ नंबरचा वूड, ७ आयर्न, ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर, झालं. हायब्रिड-वूड लांबच्या फटक्याला, आयर्न मधल्या, वेज जवळच्या उंच फटक्याला आणि पटर बॉल भोकाकडे घरंगळवायला. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची स्टिक, लोक हौसेने घेतात आणि झाडीतल्या कोर्सवर तोच सगळ्यात जास्त बॉल हरवतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तो नसलेलाच बरा. नवा सेट तर अजिबात घेऊ नका, जुना अर्धा सेट मिळतो, भाड्यानेही मिळतो. बॉल मात्र डझनभर घ्या, वापरलेले घ्या, महागडा बॉल बांबूच्या बेटात गेला की मन त्याच्यातच अडकून राहतं.

कॅडी घ्यायचा का? त्याच्याशी कसं वागायचं?

घ्याच. पहिल्यांदा जाताना कॅडीवर केलेला खर्च हा त्या दिवसाचा सगळ्यात चांगला खर्च असतो. बरेच कॅडी त्याच भागातले, वर्षानुवर्षं तिथं चालणारे, त्यांना कोणतं झाड कुठं फांदी टाकून उभंय, कुठल्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) बॉल दिसतो त्याच्या उलट वळतो, कुठल्या रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) बॉल बसतो हे सगळं पाठ असतं. पहिल्या टीवरच (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरच) मोकळेपणाने सांगायचं, दादा मी नवीन आहे, सरळ जाईल असा रस्ता सांगा. वयाने मोठे असतील तर काका म्हणा, मामा म्हणा. आपल्याकडे लहान-मोठ्याशी बोलायची जी पद्धत आहे तीच तिथं ठेवायची, तिथं जाऊन ए-जा करणारे लोक बघितले की फार वाईट वाटतं.

बॉल मारल्यावर तो कुठं पडला हे बघायचं काम त्यांच्यावरच टाकू नका, आपणही झाड धरून ठेवायचं, की अमुक झाडाच्या डावीकडे गेला. फी क्लबने ठरवलेली असते, वरचे पैसे आपल्या मनाने, पण द्या. दोघांनी बरोबर पाणी प्या, नाश्त्याला थांबलात तर त्यांनाही विचारा. आणि बॉल चुकीचा गेला तर त्यांच्यावर चिडू नका, स्टिक आपल्या हातात होती.

बॉल झाडीत गेला तर काय करायचं?

याच्यावर जरा सविस्तर लिहितो कारण पार्कलँडचा सगळा खेळ इथं आहे.

आधी शोधायचा. २०१९ पासून शोधायला ३ मिनिटं मिळतात, पूर्वी ५ मिळायची. तेवढ्यात नाही सापडला तर तो हरवला, मग एक स्ट्रोकचा दंड (स्कोअरमध्ये एक फटका वाढवायचा) आणि आधीच्या जागेवरून परत मारायचं. म्हणजे मागे चालत जायचं, आणि मागचे लोक खोळंबणार. म्हणून टीवरनं मारलेला बॉल झाडीत शिरताना दिसला आणि सापडेल की नाही शंका वाटली तर तिथूनच दुसरा बॉल मारून ठेवायचा, मात्र मारण्याआधी हा प्रोव्हिजनल (तात्पुरता) आहे असं मोठ्याने सांगायचं, न सांगता मारला तर तोच तुमचा खेळातला बॉल होतो. काही क्लबांनी स्थानिक नियम ठेवलेला असतो की मागे न जाता दोन स्ट्रोकचा दंड घेऊन बॉल हरवला त्या भागात फेअरवेच्या कडेला ड्रॉप करा (हातातून बॉल खाली सोडा), स्कोअरकार्डच्या मागे लिहिलेलं असतं, नक्की वाचा.

बॉल सापडला. आता समोर दोन खोडं, त्यांच्यामधे हातभर फट आणि फटीतून लांबवर भोकात रोवलेला झेंडा दिसतोय. इथं नव्वद टक्के नवीन लोक त्या फटीतून मारतात, बॉल खोडावर आपटतो आणि आणखी आत जातो किंवा सरळ आपल्याच अंगावर येतो, आणि अंगावर आलेला बॉल फार जोरात लागतो. त्यापेक्षा मागे वळून बघा, बाजूला बघा, सगळ्यात मोठी मोकळी जागा कुठं आहे, भले ती आडवी असो की थोडी मागे. ७ आयर्न घ्या, बॉल उजव्या पायाच्या बाजूला ठेवा, अर्धा स्विंग, बॉल जमिनीलगत पळत फेअरवेवर. एक स्ट्रोक गेला. पण पुढचा बॉल मोकळ्या गवतावरनं मारायला मिळतो आणि त्या होलवर बोगी-डबल बोगीवर (ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक-दोन जास्त) सुटका होते. फटीतून मारणाऱ्याचे आठ-नऊ होतात.

बॉल मुळाला टेकलेला असेल तर मारूच नका. वडाची, चिंचेची मुळं जमिनीवर आलेली असतात, स्टिक त्यावर बसली की मनगट दुखावतं, महिनाभर काही करता येत नाही. त्यासाठी नियमात सोय आहे, बॉल अनप्लेएबल (मारता न येण्यासारखा) जाहीर करायचा, एक स्ट्रोक दंड, आणि मग दोन स्टिकच्या लांबीत, झेंड्याच्या जवळ न जाता, ड्रॉप करायचा. किंवा झेंडा आणि बॉल यांच्या रेषेत हवं तेवढं मागे जायचं, किंवा आधीच्या जागेवर परत. ड्रॉप हल्ली गुडघ्याच्या उंचीवरून करतात, खांद्यावरून नाही.

फांदी मोडायची नाही, वाकवून पायाखाली दाबायची नाही, त्याला दोन स्ट्रोकचा दंड आहे आणि दंड नसता तरी मोडायची नाही. वाळकी पानं, काटक्या बाजूला करता येतात, फक्त ते करताना बॉल हलला तर एक स्ट्रोक आणि बॉल परत जागेवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा अगदी फेअरवेच्या कडेलासुद्धा बॉल पानांखाली गडप होतो, त्या दिवसांत पिवळा किंवा नारिंगी बॉल बरा पडतो.

आणि बॉल फांदीत अडकून राहिला तर? तो आपलाच आहे हे ओळखू आलं पाहिजे, म्हणून सुरुवातीलाच पेनाने खूण करून ठेवा. ओळखला की अनप्लेएबल, त्याच्या बरोबर खालच्या जमिनीवरनं मोजायचं. नाही ओळखला तर हरवलेला धरायचा. झाडावर चढू नका.

त्या रंगीत खुंट्यांचा अर्थ काय?

पांढरी खुंटी म्हणजे कोर्सची हद्द, त्यापलीकडे बॉल गेला की एक स्ट्रोक आणि परत आधीच्या जागेवरनं. पिवळी आणि लाल म्हणजे तळं, ओढा, दाट झाडी असला दंडाचा भाग, तिथून जमत असेल तर तसाच मारता येतो, नाहीतर एक स्ट्रोक देऊन बाहेर. लाल खुंटी असेल तर बॉल जिथून आत गेला तिथून दोन स्टिकच्या लांबीत बाजूला ड्रॉप करायची जास्तीची सोय आहे. निळी म्हणजे दुरुस्तीची जागा, तिथून फुकट बाहेर. गाडीरस्ता, पाण्याचा स्प्रिंकलर यांच्यापासूनही फुकट सुटका मिळते.

ग्रीनवर बॉल कुठं वळेल कसं कळणार?

इथं आपल्या भागातल्या शेतकरी घरातल्या माणसाला खरंच फायदा आहे आणि हे मी मनापासून सांगतोय. उसाला दारं धरताना तुम्ही बघता ना, पाणी कुठल्या सरीत आपोआप जाईल, कुठं तुंबेल, कुठं जरा उचकटलं की धावेल, अगदी तसंच ग्रीनकडे बघायचं. पाटाचं पाणी सोडलं तर ते कुठून कुठं वाहील? बॉल साधारण तिकडेच वळतो. ग्रीनवर चढायच्या आधी लांबूनच एकदा सगळा उतार बघून घ्या, जवळ उभं राहिलं की उतार डोळ्याला कळत नाही. तळं, ओढा कुठल्या बाजूला आहे तेही बघा, जमीन बहुतेक तिकडे उतरती केलेली असते.

दुसरी गोष्ट गवताची. आपल्याकडच्या ग्रीनवर आणि फेअरवेवर जे बर्म्युडा गवत असतं ते म्हणजे आपली हरळीच, शेतात निघता निघत नाही ती. ग्रीनवरची जात त्याच हरळीची संकरित, पान अगदी बारीक, आणि ती तीन-चार मिलिमीटर उंचीवर रोज कापतात. हरळी जमिनीलगत आडवी पसरते, त्यामुळे ग्रीनवर गवताला एक दिशा येते, त्याला ग्रेन म्हणतात. एका बाजूने बघितलं की ग्रीन चकाकतं, म्हणजे गवत तुमच्यापासून पलीकडे झुकलंय, बॉल पळेल. दुसऱ्या बाजूने गडद, मळकट दिसतं, म्हणजे गवत तुमच्याकडे तोंड करून आहे, बॉल अडेल, जरा जोरात. थोडा उतार आणि ग्रेन एकाच बाजूला असेल तर बॉल खूप वळतो. हे एकदा समजलं की एकेका ग्रीनवर पटरचे तीन-तीन, चार-चार फटके मारणं बंद होतं.

होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि बॉलचा कमीत कमी ४२.६७, म्हणजे जागा आहे, घाबरून हलका मारू नका. झेंडा आत ठेवून पट (पटरचा फटका) मारला तरी २०१९ पासून चालतं.

कधी कधी ग्रीनला भोकं पाडून वाळू भरलेली दिसेल, मुळांना हवा मिळावी म्हणून ते करतात. पंधरा दिवस बॉल उड्या मारत जातो. फोन करताना हेही विचारता येईल.

मैदानाची काळजी म्हणजे आपण नक्की काय करायचं?

तीन कामं, आणि ती कॅडीवर सोडू नका. फेअरवेवर मारताना गवताची ढलपी निघाली तर ती परत जागेवर ठेवून पायाने दाबा, किंवा वाळूची पिशवी असते त्यातली वाळू टाका, हरळी बाजूने येऊन ती जागा भरून काढते. ग्रीनवर बॉल पडून खळगा झाला तर छोट्या काट्याने कडेकडेने माती मधे ढकला, खालून उचकटू नका, मुळं तुटतात आणि तिथं वाळलेला डाग पडतो. वर पटरने हलकं थोपटा. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) खालच्या बाजूने शिरा, मारून झालं की आपली पावलं रेकने पुसून बाहेर या. मारायच्या आधी मात्र बॉलच्या मागे-पुढे स्टिक वाळूला टेकवायची नाही, दोन स्ट्रोकचा दंड आहे.

एका खळग्याला अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं. तो तसाच राहिला तर मागून येणाऱ्या कितीतरी जणांचे पट त्यात बिघडतात, म्हणून मला हे स्कोअरपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पावसाळ्यात खेळतात का?

खेळतात, आणि कोर्स त्या दिवसांत सगळ्यात सुंदर दिसतो. पण बॉल पडला की तिथंच रुततो, अजिबात घरंगळत नाही, रफ दोन दिवसांत वाढतं, प्रत्येक शॉटला एक पायरी लांब मारणारी (म्हणजे कमी नंबरची) स्टिक घ्यावी लागते. ग्रीन, बंकर, पेनल्टी एरिया (लाल-पिवळ्या खुंट्यांचा दंडाचा भाग) सोडून कुठंही बॉल आपल्याच धक्क्याने जमिनीत रुतला तर तो फुकट काढून बाजूला ड्रॉप करता येतो. साचलेल्या पाण्यातूनही फुकट सुटका. टॉवेल दोन, मोजे दोन जोड.

विजांचं मात्र गांभीर्याने घ्या. एप्रिल-मेमधला वळीव आपल्याला माहितीये, दुपारनंतर अर्ध्या तासात आभाळ भरून येतं. हातात लोखंडी दांडा, आजूबाजूला उंच झाडं आणि मोकळं मैदान, याहून वाईट जागा नाही. सायरन झाला की होता तिथून खेळ थांबवायचा. सायरन नाही झाला तरी गडगडाट ऐकू आला तर थांबायची परवानगी नियमातच आहे, कोणी भित्रा म्हणणार नाही. झाडाखाली अजिबात उभं राहायचं नाही, छत्री मिटायची, सरळ क्लबहाउस गाठायचं किंवा काचा लावून गाडीत बसायचं.

उन्हाळ्यात जमीन टणक होते, बॉल पळतो, लांब जातो पण झाडीतही पळत जातो. सकाळी दहाच्या आत संपेल असं बघा.

साप, मोहोळ वगैरे असतात का?

झाडी आहे म्हटल्यावर असणारच. रफमध्ये हात घालायच्या आधी स्टिकने चाचपा, बिळात गेलेला बॉल सोडून द्या. उंच झाडावर आग्या मोहोळ असेल तर कॅडी सांगेलच, आपण तिथं उगाच थांबायचं नाही. विषारी साप किंवा मधमाश्यांमुळे बॉल मारणं धोक्याचं असेल तर दंड न देता सुरक्षित जागी ड्रॉप करता येतो. बाभळीच्या काट्यांसाठी ही सवलत नाही. कावळा बॉल उचलून नेतो, हे खरंच होतं, तेव्हा दंड नाही, दुसरा बॉल मूळ जागी ठेवायचा. मार्चनंतर टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालायला लागली की तिथून लांबून जा.

किती वेळ लागतो, दमायला होतं का?

अठरा होलला चार ते साडेचार तास, चालणं आठ-दहा किलोमीटर. रोज यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या, अजिंक्यतारा करणाऱ्या साताऱ्याच्या माणसाला चालण्याचं काहीच नाही, पण चार तास लक्ष ठेवणं दमवतं. पहिल्यांदा नऊच होल खेळा, दोन-सव्वादोन तासात होतं.

हळू खेळतो म्हणून लाज वाटायची गरज नाही, फक्त तयारीत राहा. आपली पाळी यायच्या आधी स्टिक ठरवलेली असावी, एक सराव स्विंग, मारा, चला. मागचे लोक टेकलेच असतील तर हात करून त्यांना पुढे जाऊ द्या. आणि बॉल कोणाच्या दिशेने गेला की जोरात फोर ओरडायचं, लाजायचं नाही, तुम्ही ते ऐकलं तर डोकं हाताने झाकून खाली वाकायचं, वर बघायचं नाही.

स्कोअर किती झाला म्हणजे ठीक?

पार, म्हणजे अठरा होलला अपेक्षित फटके, साधारण ७० ते ७२ असतो, नवा माणूस त्याच्या दीडपट मारतो, त्यात काही नाही. स्टेबलफोर्ड पद्धतीने मोजा असं मी सांगेन, त्यात प्रत्येक होलला गुण मिळतात, पारला दोन, बोगीला एक, बर्डीला (पारपेक्षा एक फटका कमी) तीन, आणि हँडिकॅपप्रमाणे तुम्हाला जादा स्ट्रोक मिळतात. एखाद्या होलवर फारच बिघडलं की बॉल उचलायचा, शून्य गुण, पुढच्या टीवर नवीन सुरुवात. हँडिकॅप आता जगभर एकाच पद्धतीने मोजतात, २०२० पासून, आणि जास्तीत जास्त ५४ मिळतो, तेव्हा मुरलेल्या खेळाडूबरोबरही बरोबरीचा सामना होतो.

एवढ्या गवताला पाणी किती लागत असेल? आमच्या माण-खटावला टँकर येतो.

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. अठरा होलला साधारण १२० ते १५० एकर जागा जाते. त्यातली सगळी भिजवत नाहीत, ग्रीन आणि टीला नियमित, फेअरवेला बेताने, झाडीखालचा रफ बराचसा पावसावर. हरळी ज्वारीसारखीच उन्हाला टिकणारी, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी मरत नाही, पावसाला परत उठते. बऱ्याच शहरांतले कोर्स प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात आणि माझं स्पष्ट मत आहे की सगळ्यांनी तेच वापरावं, पिण्याचं पाणी गोल्फला जाता कामा नये. उन्हाळ्यात फेअरवे पिवळा दिसला तर तक्रार करू नका. पिवळ्यावर बॉल उलट जास्त पळतो.

साताऱ्यात राहून सराव कसा करायचा?

खेळातले निम्म्याच्या आसपास स्ट्रोक ग्रीनवर आणि ग्रीनच्या शेजारीच जातात, आणि त्याला मैदान लागत नाही. घरातल्या सतरंजीवर पटिंग करा, तीन फुटांवर वाटी आडवी ठेवा, रोज दहा मिनिटं. गच्चीवर जाळी लावून प्लॅस्टिकच्या हलक्या बॉलने चिप करा, म्हणजे बॉल थोडा उचलून जवळच टाका. शाहू स्टेडियम किंवा कुठल्याही सार्वजनिक मैदानावर खरा बॉल मारू नका, तिथं पोरं खेळत असतात, लोक चालत असतात, आणि गोल्फचा बॉल डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. पूर्ण स्विंगसाठी महिन्यातून एखादी पुण्याची फेरी होतच असते कामाला, तेव्हा रेंजवर एक बादली बॉल मारून या, आणि त्यातले निम्मे तरी वेज आणि ७ आयर्ननेच मारा. दहावी-बारावीच्या सुट्टीत मुलामुलींना घेऊन जाणार असाल तर त्यांना छोट्या उंचीचा सेट द्या, मोठ्यांची स्टिक कापून दिलेली जड होते आणि सवय बिघडते.